दाजी, तुमचं मोजायचं राहिलं

दाजी, प्रज्ञाच्या दंडाला डॉक्टरबाईंनी चोवीस तासांसाठी बांधून दिलेलं बीपीचं यंत्र मी काढलं, माझ्या दंडाला बांधलं आणि तिचा पेपर सुटेपर्यंत तसाच हिंडलो.

हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. नांदेडच्या अख्ख्या एसटी डेपोला तर तुम्हीच सांगितलं होतं. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात एक ड्रायव्हर माझ्याजवळ आला, डोळे पुसले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ते मशीनवाले मेव्हणे तुम्हीच का?" मी हाव म्हणालो. त्याला हसू फुटलं. लगेच त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो जास्तच रडायला लागला. मग मीही. भंतेजी बोलत होते, समोर हार घातलेला तुमचा फोटो होता आणि आम्ही दोन बाप्ये हसतोय का रडतोय ते आमचं आम्हालाच कळत नव्हतं. आक्कानं लांबून एकच नजर टाकली. त्या नजरेची आणि माझी ओळख मी चड्डीत होतो तेव्हापासूनची आहे.

तोंडानं सांगायला गेलो की कुणीतरी थांबवतं, म्हणून लिहायला बसलोय. आणि खरं सांगू का, तुम्ही गेलात ही मला अजून चुकून सांगितलेली बातमीच वाटते. तुमच्या बसस्टँडवर नाही का, गाडी रद्द झाली म्हणतात, लोक पिशव्या उचलून निघतात आणि जरा वेळानं तीच गाडी फलाटाला लागते. तसं काहीतरी होईल, असं मला वाटून राहिलंय. दारात कुणी आलं की मी उठतो.

प्रज्ञा लातूरला माझ्याकडे आली तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणाला होतात, "बाळासाहेब, पोरगी अभ्यासाला पाठवतोय, तुमच्यासारखी करू नका." मला साहेब म्हणणारे जगात तुम्ही एकटेच, आणि तेही टिंगल करायला. क्लासच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान. दिवसभर पोरं नोट्स घेऊन येतात, मी डॉक्टर-इंजिनिअर व्हायचा सगळा अभ्यास छापून देतो आणि त्यातलं एक अक्षर मला कळत नाही. पण पोरं ओळखायची मला नजर आहे, असं मी समजत होतो. डोकं दुखतंय म्हणणारं पोरगं म्हणजे टेस्टला घाबरलेलं पोरगं, हा माझा शोध.

म्हणून प्रज्ञाचं डोकं दुखायला लागलं तेव्हा मी आधी बाम दिला. मग आल्याचा चहा. मग म्हणालो, जेवत नाहीस नीट, आणि रोज संध्याकाळी दुकानातून उठून तिला भजी, भडंग, पापडी असं काय काय आणून चारलं. वर लोणचं. मामाचं घर म्हटल्यावर हात आखडता कशाला? तरी डोकं थांबेना तेव्हा चष्मा लागला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत औषध घालून आतून बघितलं, नंबर नाही म्हणाले आणि हिचं बीपी कधी मोजलं होतं, असं विचारलं.

मी हसलो. दाजी, मी मोठ्यानं हसलो. त्यांना म्हणालो, साहेब, पोरगी पंधरा वर्षांची आहे, बीपी मोजायचं तर हिच्या मामीचं मोजा, भाव विचारला तरी तिचं चढतं. ते हसले नाहीत. त्यांनी लहान मुलांच्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं.

डॉक्टरबाईंनी पट्टे बदलून बघितले, प्रज्ञाच्या दंडाला बरोबर बसेल असा एक काढला, तिला स्वस्थ बसवलं आणि मोजलं. आकडा बघून मी सांगितलं की मशीन बिघडलंय. त्यांनी दुसऱ्या मशीनवर मोजलं. मी म्हणालो, जिना चढून आलोय ना. त्यांनी आम्हाला बसवून ठेवलं आणि परत मोजलं. मी म्हणालो, पोरगी घाबरलीय. "घाबरलेत तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात. दोन्ही हात झाले, पाय झाला, लघवी-रक्त झालं, किडनीची सोनोग्राफी झाली. कुठं काही दोष निघाला नाही. आकडा मात्र जागचा हलला नाही.

मग छातीची सोनोग्राफी, म्हणजे ती टूडी इको. त्या दिवशी तुम्ही पहिल्या गाडीनं आला होतात. पडद्यावर प्रज्ञाचं हृदय धपधप करत होतं आणि डॉक्टरबाई बोटानं दाखवत होत्या. पुढं दाब जास्त असला की हृदयाला रक्त ढकलायला जोर लावावा लागतो. रोज जोर काढणाऱ्याचा दंड फुगतो, तशी हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड व्हायला लागते. हिची झाली आहे.

तेव्हा मी जे बोललो ते तुम्ही डेपोत कुणाला सांगितलं नाही, तुमचे उपकार आहेत. मी म्हणालो, "मग ताकद आली म्हणायची की."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही, तुमच्याकडे तोंड करून सांगितलं की हा फुगलेला दंड चांगला नव्हे. जाड झालेली भिंत ताठ होते, नीट सैल पडत नाही, आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली तर हृदय थकतं. लेकराला वरून काही कळत नाही. खेळतं, हसतं, अभ्यास करतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत. "हे मागं येतं का?"

"येतं. या वयात सापडलं आणि दाब खाली ठेवला तर बहुतेकांचं येतं."

तुम्ही मान हलवलीत. गोळी, मीठ कमी, रोज चालणं, झोप, घरी मोजणं. बाहेर आल्यावर तुम्ही प्रज्ञाला म्हणालात, "गाडी बंद न्हाई पडलेली बाळा. जरा हळू चालवायची, एवढंच." आणि माझ्या दुकानापर्यंत चालत आलात, मला मागं सोडून.

मग त्या यंत्राचा दिवस. गोळी सुरू होऊन काही महिने झाले होते. दिवसभरात दाब कसा राहतो ते बघायला डॉक्टरबाईंनी तिच्या दंडाला पट्टा आणि कमरेला डबी बांधून दिली. दर थोड्या वेळानं पट्टा आपोआप फुगायचा. जेवा, झोपा, अभ्यास करा, फक्त काढू नका, एवढीच अट. आणि दुसऱ्या दिवशी रविवारची टेस्ट. क्लासच्या गेटवर वॉचमन आडवा झाला. इलेक्ट्रॉनिक वस्तू आत न्यायची नाही. मी सांगितलं दवाखान्याचं आहे. तो म्हणाला, मागच्या खेपेला एकानं कानातलं मशीन दवाखान्याचं म्हणूनच नेलं होतं. प्रज्ञाचा चेहरा पडला, घंटा होत आली होती.

शहाण्या माणसानं टेस्ट सोडली असती. त्याहून शहाण्यानं आत जाऊन सरांना गाठलं असतं. मी पट्टा काढला. पण डबी चालू होती, आणि माझ्या मनात आलं की मध्ये असा खड्डा पडला तर डॉक्टरबाई रागावतील, मोकळं ठेवण्यापेक्षा कुणाच्या तरी दंडाला असलेलं बरं. घरचंच रक्त आहे. दाजी, हे मी खरंच मनातल्या मनात म्हणालो होतो. घरचंच रक्त आहे.

पेपर सुटेपर्यंत मी समोरच्या टपरीवर बसलो, दोन प्लेट मिरचीभजी खाल्ली, पाण्यावरून आणि इलेक्शनवरून तिघांशी भांडलो. पट्टा फुगला की भांडण थांबवून हात सरळ धरायचो, कारण प्रज्ञाला तसं सांगितलेलं मी ऐकलं होतं. लोक विचारायचे काय झालं. मी म्हणायचो, भाचीचं बीपी मोजायलोय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही, मी आणि प्रज्ञा डॉक्टरबाईंसमोर. त्यांनी कागद बघितला आणि कपाळाला आठी घातली. बाकी सगळं ठीक होतं, पण पेपरच्या वेळेला आकडा डोंगरासारखा वर गेला होता. परीक्षेत एवढा चढत असेल तर गोळी वाढवावी लागेल, म्हणाल्या. पेन उचललं. मी छताकडे बघत होतो. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. कंट्रोलरच्या केबिनमध्ये इतकी वर्षं बसून खोटं बोलणारा ड्रायव्हर तुम्हाला मागून सुद्धा ओळखू यायचा. शेवटी प्रज्ञाच म्हणाली, "मॅडम, तेवढं मामाचं आहे."

सगळं सांगून झालं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता हाकलतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा इथं. बाही वर करा."

म्हणून लहान मुलांच्या दवाखान्यात, भिंतीवर रंगवलेल्या बदकाच्या पिल्लांखाली, माझं पहिलं बीपी मोजलं गेलं. चांगलंच चढलेलं होतं. त्यांनी मला मोठ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्या दिवसापासून मी गोळी खातोय. तुम्हाला इतकं हसू आलं की तुम्ही रुमाल तोंडाला लावलात. लेकराची गोळी वाढता वाढता राहिली, याची तुम्हाला भीतीही वाटली होती. बाहेर आल्यावर मला शिव्याही दिल्यात, मोजून. पण आधी हसलात.

आणि त्या हसण्यातच ते झालं, दाजी. डॉक्टरबाईंनी तुमच्याकडे बघून विचारलं होतं, "आणि वडिलांचं? मुलांना असलं की घरात कुणाला तरी असतंच बघा. आईचं मोजलंय आम्ही. तुमचं राहिलंय." तुम्ही घड्याळ बघितलंत. परतीची गाडी सुटायची वेळ झालीय म्हणालात, मी रोज पहाटे चालतो, मला काय धाड भरलीय म्हणालात, पुढच्या खेपेला म्हणालात आणि उठलात. पट्टा टेबलावर होता. तुमचा हात माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी धरून बसवलं असतं तर तुम्ही बसला असतात. मी तेव्हा माझी बाही खाली करत होतो आणि बदकाकडे बघून लाजत होतो.

पुढच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा डॉक्टरबाई सुट्टीवर होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला आक्का आली.

त्यानंतर रोज संध्याकाळी, जेवायच्या आधी, तुमचा फोन. माईकवर दिवसभर गाड्या ओरडून तुमचा घसा गेलेला असायचा, म्हणून बोलायची ती प्रज्ञाच. आज किती आलं, क्लासमध्ये कोण काय म्हणालं, मामीनं बिनमिठाची आमटी कशी केली आणि मामानं ती कशी थुंकली. तुमचं नुसतं हं. मध्येच बंद पडला की काय, असं वाटावं इतकं ऐकत बसायचात. शेवटी फोन माझ्याकडे यायचा आणि तुम्ही विचारायचात, "आणि मोठ्या पेशंटचं किती?" मी आकडा सांगायचो. चुकवलेली गोळी तुम्हाला आवाजावरून कळायची. माझ्या जन्मदात्यानं माझी इतकी चौकशी केली नव्हती. हे तुम्हाला एकदा सांगायचं होतं. मेव्हण्या-दाजींत असलं बोलायची रीत नाही, म्हणून राहिलं.

एकदाच मी उलटं विचारलं होतं. "आणि तुमचं किती, दाजी?" तुम्ही माईकच्या आवाजात म्हणालात, "प्रवाशांनी काळजी करू नये, गाडी वेळेवर आहे." मी हसलो. मला वाटलं, मोजलं असेल.

आपलं खरं भांडण लातूरवरून होतं. तुम्ही म्हणायचात, या गावानं पोरीला आजार दिला. दिवसभर बसणं, अर्धवट झोप, बाहेरचं खाणं. नांदेडला काय क्लास नाहीत? मी म्हणायचो, माझ्या गल्लीतून हजार पोरं जातात, सगळ्यांना का झालं नाही? मग तुम्ही म्हणायचात, तुला काय माहीत झालं नाही, मोजलंय कुणी? यावर मी आवाज वाढवायचो. डॉक्टरबाईंनी एकदा दोघांनाही गप्प केलं होतं. म्हणाल्या, थोडं बसण्या-खाण्याचं असतं आणि थोडं घराण्यातून येतं, दोन्ही. तुम्ही बसण्या-खाण्याचं तेवढं ऐकलंत. मी घराण्याचं ऐकलं, आणि घराणं म्हणजे आमचं, आक्काकडचं, असं धरून चाललो. माझंच बीपी निघालं होतं ना. पुरावा दंडाला बांधून हिंडलो होतो.

तुमच्याही घराण्याचं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, दाजी. लेकीला साथ म्हणून तुम्ही पापड सोडले, लोणचं सोडलं, जवसाची चटणी बिनमिठाची करून खायला लागलात. तीच चटणी कंडक्टरच्या हाती लातूरला पाठवायचात, तिनं एकटीनं खाऊ नये म्हणून. प्रज्ञाचं सगळं पथ्य तुम्ही पाळलंत. तिची गोळी तेवढी तुम्हाला नव्हती.

त्या सकाळी तुम्ही ड्युटीवर निघाला होतात. कॉटवर बसून बूट घालत होतात. आक्का सांगते, एक बूट घातला आणि म्हणालात, दम लागायलाय गं. बस. आक्कानं शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. माझा फोन वाजला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. मी आणि प्रज्ञा मिळेल त्या गाडीत बसलो. अहमदपूर गेलं तेव्हा तुम्ही होतात. लोहा यायच्या आत नव्हतात.

नांदेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुमची पण इको केली होती. त्यांनी बाहेर येऊन आक्काला सांगितलं, हृदय फार जाड झालेलं आहे आणि थकलंय, बीपी बऱ्याच वर्षांचं दिसतं, गोळी कोणती चालू होती?

आक्का म्हणाली, "बीपी ह्यांना न्हाई, डॉक्टर. लेकीला हाय."

त्यांनी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं. चांगली शहाणी बाई, अंगणवाडीत इतकी वर्षं दुसऱ्यांची लेकरं मोजली, वजनं केली. तिला वाटलं डॉक्टरांचे कागद बदललेत, प्रज्ञाचा रिपोर्ट ह्यांच्या नावावर लागलाय. ती त्यांना समजावून सांगायला लागली की असं आमच्यात एकदा झालेलं आहे, माझ्या भावानं केलं होतं.

हे मला शेजाऱ्यानं सांगितलं.

तुम्हाला ठाऊक होतं का, दाजी? रविवारी डोक्याला टॉवेल आवळून पडायचात आणि पित्त म्हणायचात. जिन्यात थांबायचात आणि मोबाईल बघतोय असं दाखवायचात. मंडपातल्या त्या ड्रायव्हरनं मला आणखी एक सांगितलं. डेपोत तपासणी शिबिर होतं, तेव्हा तुम्ही एकेका ड्रायव्हर-कंडक्टरला दंड धरून रांगेत उभं केलं होतं. मामा-भाचीची गोष्ट सांगून सांगून साहेबांनी आम्हाला बसवलं, तो म्हणाला. त्याची स्वतःची गोळी त्या दिवशी सुरू झाली. रांग संपली आणि डॉक्टर निघून गेले. तुम्ही रांगेत नव्हतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तुम्हाला माहीत असून लपवलंत, का खरंच वाटलं की एका घरात एकच पेशंट पुरे? दोन्हीतलं कुठलंही उत्तर मला सहन होणार नाही, तरी विचारायलोय.

आम्ही सगळे एका हृदयाकडे डोळे लावून बसलो होतो. घरातलं दुसरं आमच्या देखत रोज ड्युटीवर जात होतं.

आणि मी जिवंत आहे. हे कुठं ठेवू ते कळत नाही. मी नियम मोडला, लेकराची तपासणी बिघडवली, भजी खाल्ली, म्हणून माझं सापडलं. तुम्ही आयुष्यात विनातिकीट कुणाला बसू दिलं नाहीत, तुमचं राहून गेलं. यात काही न्याय आहे का? माझा हा किस्सा विनोद म्हणून तुम्ही सगळीकडे सांगत फिरलात. आज तो सांगायला मला तोंड नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही.

प्रज्ञा रडली नाही. तुमच्या शेजारी बसून राहिली, एका हातानं दुसऱ्या हाताची नाडी धरून. लोकांना वाटलं थंडी वाजतेय. नंतर तिनं घरातलं मशीन कपाटात टाकलं. गोळी खायची, पण मोजू द्यायची नाही. मी जवळ गेलो की उठून जायची. एकदा कपडे वाळत घालताना तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "पप्पांचं आणि माझं सेमच होतं ना, मामा?" मी बोलायला सुरुवात केली. वय वेगळं असतं, गोळी असते, मनाला लावून घ्यायचं नाही, माझंच बघ ना, मी कसा ठणठणीत. एका विनोदावर ती हसली पण. माझी दया येऊन हसली. त्या रात्री ती जेवली नाही.

इकोची तारीख तुम्हीच घेऊन ठेवलेली होती. आक्का म्हणाली, जायचं. प्रज्ञा म्हणाली, मला बघायचंच नाही किती जाड झालंय ते. आक्का तिची चप्पल दारात नेऊन ठेवून आली. आम्ही तिघं लातूरला आलो. गाडीत कंडक्टरनं तुमचं नाव काढलं, आक्काचं तिकीट फाडताना त्याचा हात थांबला. मी मात्र पूर्ण रस्ता बोलत होतो. काय बोललो ते विचारू नका.

डॉक्टरबाईंना आम्ही तुमचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी उठू द्यायला नको होतं." त्यांनी असं म्हणावं आणि मी म्हणू नये?

मग प्रज्ञा आडवी झाली. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. पडद्यावर ते परत धपधप करायला लागलं. डॉक्टरबाईंनी मोजलं, जुना कागद काढला, परत मोजलं. मला वाटलं आता तो पट्टा माझ्या दंडाला असता तर फुटलाच असता.

"प्रज्ञा, डोळे उघड. बघ. भिंत कमी झालीय."

ती डोळे उघडेना. त्यांनी तिचा हात धरला. भिंत तुझ्या उंचीच्या मुलीची असते तशी जवळजवळ झालीय, म्हणाल्या. बाबांचं आणि तुझं दुखणं एक असेल, पण बाबांचं कुणालाच कळलं नाही, तुझं वेळेत कळलं आणि तू गोळ्या चुकवल्या नाहीस. गोळी चालू ठेवायची, मोजत राहायचं. पण हे मागं आलंय.

मागं आलंय, दाजी. तुम्ही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं.

आक्का भिंतीला टेकली. प्रज्ञा उठून बसली, केस सारखे केले आणि बाहेर गेली. आम्हाला वाटलं पाणी प्यायला गेली असेल. मी आणि आक्का मागोमाग गेलो, तर ती व्हरांड्याच्या टोकाला पाठ करून उभी होती आणि आक्काच्या पिशवीत तुमचा फोन वाजायला लागला. डेपोतल्या कागदपत्रांसाठी माणसं फोन करतात म्हणून तो आक्कानं चालूच ठेवलाय. पडद्यावर नाव होतं, माझं लेकरू.

आक्काचा हात पिशवीपर्यंत जाईना. तो वाजत होता, बसलेल्या बायका बघायला लागल्या. मी पिशवीत हात घातला. बंद करायला म्हणूनच घातला होता, दाजी. पण बोट हिरव्या बटणावर गेलं आणि फोन कानाला लागला.

"पप्पा," पलीकडून आवाज आला. पलीकडून म्हणजे माझ्यापासून चार पावलांवरून. "पप्पा, कमी झालं. भिंत कमी झाली. मॅडम म्हणाल्या जवळजवळ नॉर्मल." मग ती थांबली. तिचा श्वास दोन्हीकडून ऐकू येत होता, फोनातून आणि हवेतून. मग हुंदका आला, इतक्या दिवसांत पहिला.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "छान झालं बाळा, लई छान झालं, रडायचं न्हाई, आता गोळी वेळेवर घ्यायची, अभ्यासाचं टेन्शन घ्यायचं न्हाई, आणि मामाचं ऐकायचं, मामा हाय ना..."

ती वळली. फोन कानाला तसाच होता, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि तिनं माझ्याकडे तुमच्यासारखं बघितलं.

"मामा, पप्पा मध्ये बोलत नव्हते. तुम्हाला जमणार नाही. मम्मीकडे द्या फोन."